माहुलीची शरणागती

ठाणे जिल्ह्यातील शहापूरनजीकच्या माहुली किल्ल्यावर १६३६ मध्ये शहाजी भोसले यांनी मोगल व आदिलशाही सैन्यांपुढे पतकरलेली शरणागती. तीमुळे अहमदनगरची निजामशाही संपुष्टात आली. मध्यम बळाच्या राज्यांच्या परराष्ट्रनीतीचे ते बोलके उदाहरण होय.

मोगलांनी १६३३ मध्ये दौलताबाद घेऊन हुसेन निजामशाहास कैद केले, तेव्हा शहाजींनी मुर्तझा नावाचा राजवंशातील मुलगा पेमगिरीस गादीवर बसविला. या उद्योगाची भिस्त विजापूरच्या पाठिंब्यावर होती. मोगलांना अटकाव करणारे राज्य मध्ये असणे विजापूरच्या हिताचे होते. पण त्याचाच मुलूख गिळण्याचा मोहही विजापूरला सुटत नव्हता. शाहजहान स्वतः दक्षिणेत उतरल्यावर मोहाची सरशी झाली. मे १६३६ च्या तहाने मुहंमद आदिलशाहाने मोगलांचे वर्चस्व मानले, २० लाख रुपयांची पेशकश कबूल केली आणि निजामशाही मुलखात वाटा मिळविला. शहाजींविरुद्ध साह्य करण्याचे कलमही त्यात होते.

त्यानुसार खानजमान व रणदुल्लाखान यांनी माहुलीस वेढा घातला. पळसगड, माहुली व भंडारगड असा हा तिहेरी दुर्ग दुर्गम खरा. तथापि वेढ्याचा निकाल वस्तुतः तहातच लागला होता. मुर्तझा मोगलांच्या हवाली झाला. शहाजी आदिलशाही सेवेत गेले.

उत्तरेस वाव न उरल्याने विजापूरची महत्त्वाकांक्षा कर्नाटकाकडे वळली. १६३८ मध्ये रणदुल्लाखान व शहाजी यांनी बंगलोर जिंकले. मात्र मोगलांची सरहद्द आता विजापूरला थेट भिडली होती. औरंगजेबाने ते राज्य १६८६ मध्ये बुडविले.