लाल कोटातला पीटर

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० साली आपल्या सव्वाशे वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि वाचकांनी सर्वांत जास्त वेळा घरी नेलेली पुस्तकं कोणती, ते जाहीर केलं. ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी तिसरी आली. पहिलं आलं ते पाच मिनिटांत वाचून होणारं एक चित्रपुस्तक, एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’. ते ४,८५,५८३ वेळा घरोघरी गेलं होतं!

त्यात घडतं तरी काय? पीटर सकाळी उठतो तर खिडकीबाहेर बर्फच बर्फ. लाल कोट घालून तो बाहेर पडतो. पावलं कधी बाहेर वळवून, कधी आत वळवून चालतो आणि मागे उमटलेल्या खुणा बघतो. काठीने झाडाला टोला देतो, तर फांदीवरचा बर्फ धप्पकन डोक्यावर. उद्याला हवा म्हणून एक गोळा खिशात घालून घरी येतो. आई ओले मोजे काढते, आंघोळ होते, आणि झोपण्याआधी खिसा चाचपतो तर तो रिकामा. वळवाच्या गारा वाटीत जपून ठेवलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही पोराला पीटरचं दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

पीटर कृष्णवर्णीय आहे. ते चित्रांत दिसतं, मजकुरात त्याबद्दल एक अक्षरही नाही.

हे पुस्तक १९६२ सालचं. त्या वेळी अमेरिकेतल्या मुलांच्या पुस्तकांत काय परिस्थिती होती, ते नॅन्सी लॅरिक या अभ्यासक बाईंनी मोजून ठेवलंय. १९६५ साली ‘सॅटर्डे रिव्ह्यू’त त्यांचा लेख आला. एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने विचारलं होतं, की पुस्तकांतली मुलं नेहमी गोरीच का असतात. तिथून लेख सुरू होतो. लॅरिकबाईंनी तीन वर्षांतली ५,२०६ पुस्तकं हिशेबात घेतली. ज्यांत एखादं तरी कृष्णवर्णीय माणूस आहे, अशी निघाली ३४९. त्यांतलीही निम्म्याहून जास्त जुन्या काळात किंवा परदेशात घडणारी. त्या वेळच्या अमेरिकेत, शेजारच्या गल्लीत राहणारं कृष्णवर्णीय मूल ज्यांत भेटेल, अशी पुस्तकं शंभरात एकही भरत नव्हती.

आणि याच देशाने १९२८ साली मुलांच्या साहित्यासाठीचं न्यूबेरी पदक एका बंगाली लेखकाला दिलं होतं! धनगोपाल मुखर्जींचं ‘गे-नेक’, कलकत्त्याच्या एका कबुतराची गोष्ट. दूरदेशीच्या कबुतराला घरात जागा होती, शेजारच्या मुलाला नव्हती. ‘वेगवेगळ्या संस्कृतींचं बालसाहित्य’ म्हटलं की मला आधी हा विरोधाभास आठवतो.

कीट्सना पीटर सापडला तो एका कात्रणात. १९४० साली ‘लाइफ’ साप्ताहिकात जॉर्जियातल्या एका लहानग्याचे काही फोटो आले होते. त्याचं रक्त तपासायला घ्यायचं होतं आणि सुई टोचण्याआधीचा धीट चेहरा पुढे कसकसा बदलत गेला, ते त्यांत टिपलं होतं. कीट्सनी ते कापून ठेवले. पुढे ते मासिकांसाठी आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत राहिले. हाती येणाऱ्या मजकुरात असा मुलगा नायक म्हणून कधी आलाच नाही. स्वतःच्या पुस्तकाची वेळ आली तेव्हा, बावीस वर्षांनी, तो कागदातून उठून बर्फात खेळायला गेला.

कात्रणं जपणं कीट्सच्या घरात आधीपासून होतं. कीट्स मूळचे जेकब एझ्रा कॅट्झ, पोलंडहून ब्रुकलिनला आलेल्या गरीब ज्यू जोडप्याचा मुलगा. वडील एका कॉफीच्या दुकानात वेटर. चित्रकलेत पोट भरत नाही, असं म्हणायचे आणि तरी मुलासाठी रंगाच्या ट्यूबा घेऊन यायचे. मुलाची शाळा संपायच्या आदल्या दिवशी ते हृदयविकाराने गेले. ओळख पटवायला गेलेल्या मुलाला त्यांच्या पाकिटात त्याच्याच चित्रांना मिळालेल्या बक्षिसांच्या बातम्यांची जीर्ण कात्रणं सापडली. पुढे ज्यूद्वेषामुळे त्याने नाव बदललं. वगळलं जाणं म्हणजे काय, हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आता पुस्तकातली चित्रं जरा जवळून बघा. चादर म्हणजे बेल्जियमचं कापड, चित्रकारांच्या सामानाच्या दुकानात मिळालेलं. आईचा चौकटीचौकटींचा झगा म्हणजे फडताळात अंथरतात ते मेणकापड. बर्फाच्या पाकळ्या म्हणजे खोडरबर कोरून उमटवलेले ठसे. पीटर झोपतो त्या पानावरची करडी रात्र टूथब्रशने काळी शाई शिंपडून केलेली. कीट्सनी असं चिकटकाम याआधी केलंच नव्हतं. १९६३ साली या पुस्तकाला चित्रपुस्तकांसाठीचं मानाचं कॅल्डेकॉट पदक मिळालं.

लॅरिकबाईंनी मात्र याही पुस्तकावर बोट ठेवलं. वर्णाचा उल्लेख का नाही? आणि आई अशी जाडजूड, भडक झग्यातली का? कीट्स दुखावले, त्यांनी उत्तरही दिलं. आईबद्दलचा आक्षेप मला पटतो. गोऱ्यांच्या घरी राबणारी लठ्ठ, हसरी कृष्णवर्णीय बाई हा तिथला जुना साचा होता आणि ते चित्र त्याच्या फार जवळ जातं. पण मौनाच्या बाबतीत मी पूर्णपणे कीट्सच्या बाजूची आहे. गोऱ्या नायकाने आपण गोरे आहोत, हे कुठल्या पानावर सांगितलंय? पीटरने तरी का सांगावं? एका शिक्षिकेने कीट्सना कळवलं होतं, की वर्गातली कृष्णवर्णीय मुलं स्वतःचं चित्र गुलाबी खडूने काढायची, ती आता पहिल्यांदाच तपकिरी खडू घेतायत.

तरीही पीटर बाहेरून रेखाटलेलाच होता. पुढचं पाऊल त्याच ब्रुकलिनमधून पडलं. जॉन स्टेप्टो या कृष्णवर्णीय मुलाने सोळाव्या वर्षी ‘स्टीव्ही’ लिहायला घेतलं. १९६९ साली ते प्रसिद्ध झालं तेव्हा तो अजून विशीत शिरायचा होता. रॉबर्टच्या घरी एक छोटा मुलगा राहायला येतो, त्याची खेळणी मोडतो, रॉबर्ट वैतागतो, आणि तो निघून गेल्यावर मात्र त्याला करमत नाही. हे सगळं रॉबर्ट स्वतः सांगतो, आपल्या गल्लीत बोलतात त्या बोलीत, शाळेतल्या इंग्रजीत नाही. जाड काळ्या रेषा, त्यांत पेटल्यासारखे रंग. ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्या वर्षी ही गोष्ट संपूर्ण छापली, चित्रांसकट.