आजोबांना बाकावर बसवून ठेवू नका

सुट्टी लागली की पेण-रोह्याकडची अनेक कुटुंबे नातवंडांना घेऊन वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र पाहावयास जातात. त्या सुमारास दवाखान्यात आलेले आजी-आजोबा हळूच विचारतात, "डॉक्टर, मी जाऊ का?" बहुधा घरच्यांनी उत्तर आधीच ठरवलेले असते. त्यांना दगदग नको, ते घरीच बरे. आणि आलेच, तर बाकावर बसून पिशव्या सांभाळतील. वाचकहो, ही दोन्ही उत्तरे मला मान्य नाहीत. प्रकृती स्थिर असेल आणि घराबाहेर थोडेफार चालणे होत असेल, तर आपण अवश्य जावे, आणि तेथे गेल्यावर वस्तूंना हातही लावावा.

हात लावण्यासाठीच हे ठिकाण उभे आहे. येथील विज्ञान उद्यान १९७९ साली खुले झाले आणि मुख्य केंद्र ११ नोव्हेंबर १९८५ रोजी. वस्तू काचेआड ठेवण्याऐवजी पाहणाऱ्याच्या हाती द्यावी, हा विचार जगभर रुजवण्यात भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांचा मोठा वाटा आहे. १९६९ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' सुरू केले. अणुबॉम्बशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे बंधू. काही काळ त्यांनी गुरे पाळली आणि शाळेतही शिकवले.

अशा केंद्रांत तरफ असते, कप्पी असते, दोलक असतो. नातवंडांना ही यंत्रे नवीन; आपल्याला नाहीत. विहिरीवरच्या कप्पीने पाणी ओढलेल्या आजीला कप्पीचे गणित हाताने ठाऊक असते. खारेपाटातल्या शेतकऱ्याने बांधावरची उघाडी पाहिलेली असते. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा तिचे दार आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. दाबाचा हा धडा याहून सोपा करून कोण सांगेल? पेणच्या मूर्तिकाराला गुरुत्वमध्य हा शब्द कदाचित माहीत नसेल. परंतु मूर्तीचा हात पुढे आला की पाया कोठे भरायचा, हे तो जाणतो. म्हणून फलक वाचून दाखवण्याचे काम मुलांकडे द्या आणि "आमच्याकडे हे असे होते" हे सांगण्याचे काम आपण घ्या.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला सांभाळणाऱ्यांसाठी थोडे अधिक लिहितो. कालचे जेवण न आठवणाऱ्या माणसाच्या हातांत वर्षानुवर्षांच्या कामाचे कसब पुष्कळदा उशिरापर्यंत शिल्लक राहते. मेंदूत या दोन स्मृतींच्या वाटा वेगळ्या आहेत. तेव्हा "हे काय आहे, ओळखा बघू" अशी परीक्षा घेऊ नका. नुसती दोरी हातात द्या. ओढली तर ठीक, न ओढली तरी ठीक. गर्दीच्या दिवशी मात्र नेऊ नका. गोंगाटाने अशी माणसे बावरतात. खिशात नाव आणि घरच्यांचा फोन लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

काही ठिकाणी मात्र आपण ठामपणे बाहेर थांबावे. तोल सांभाळण्याचे काम तिघे मिळून करतात: डोळे, अंतर्कर्ण आणि पायांच्या सांध्यांतून व तळव्यांतून येणारी जाणीव. वय वाढले की शेवटचे दोघे मंदावतात. जुन्या मधुमेहात तर तळव्यांना जमीन नीट कळतच नाही. मग सारी भिस्त डोळ्यांवर राहते. तिरकी खोली, गोल फिरणारा बोगदा, आरशांचा चक्रव्यूह यांची सगळी गंमत डोळ्यांना फसवण्यातच असते. पंचविशीतला माणूस तेथे झोकांडी खाऊन हसतो; सत्तरीतला पडतो, आणि खुब्याचे हाड मोडले तर घराची घडी महिनोन्‌महिने विस्कटते. पेसमेकर असलेल्यांनी केस उभे करणाऱ्या विद्युत्-गोलापासून आणि मोठ्या चुंबकांपासून दूर राहावे. फिट येणाऱ्यांनी लुकलुकणारे दिवे टाळावेत.

उन्हातून अंधाऱ्या दालनात शिरताना दाराशी पाच मिनिटे उभे राहा. वयपरत्वे बाहुली लहान होते आणि डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वेळ लागतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर जिना उतरताना कठडा धरा. खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते.

प्रवासाविषयी. लघवीला जावे लागेल म्हणून सकाळपासून पाणीच न पिण्याची सवय आपल्याकडे फार, विशेषतः आजीमंडळींत. उन्हाळ्यात हे घातक आहे; रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अधिकच, कारण बसल्या जागेवरून उठताच घेरी येते. लघवीची गोळी घेत असाल तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. मनाने बंद करू नका. अटल सेतूवरून जाणार असाल, तर तो जवळपास २२ किलोमीटर लांब आहे आणि मध्ये थांबता येत नाही. सेतूवर चढण्यापूर्वीच स्वच्छतागृह गाठा. मधुमेहींनी दालन अर्धे राहिले तरी चालेल, जेवणाची वेळ टाळू नये आणि खिशात साखर ठेवावी. चाकाची खुर्ची मिळेल का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. ती मागण्यात कसला कमीपणा? तासभर चाला, अर्धा तास बसा. सगळे पाहून झालेच पाहिजे, असा कोठे नियम नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पोटऱ्या दुखल्या तर तो चालण्याचा शीण समजावा, विश्रांतीने जातो. एकच पोटरी सुजली, गरम लागली किंवा दाबल्यावर दुखली, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि त्यासोबत धाप लागत असेल वा छातीत दुखत असेल, तर विलंब न करता थेट रुग्णालयात जा.