फ्रेंच क्रियापदांतील अक्षरे आणि आघात

फ्रेंच क्रियापदाचे रूप डोळ्यांना जेवढे दिसते, तेवढे कानांना ऐकू येत नाही. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. वर्तमानकाळात ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ या कर्त्यांची रूपे तीन निरनिराळ्या प्रकारांनी लिहिली जातात. प्रमाण उच्चार मात्र सर्वांचा एकच, ‘पार्ल’, आणि तोही एका अक्षराचा. ‘आम्ही’ व ‘तुम्ही’ यांची रूपे तेवढी ‘पार्-लों’ व ‘पार्-ले’ अशी दोन अक्षरांची होतात. मराठीत ‘करतो’ हा शब्द तीन अक्षरांचा लिहून आपण ‘कर्-तो’ असा दोन अक्षरांत उच्चारतो. तेव्हा अक्षरे मोजावयाची ती उच्चारावरून, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन आले, तर ते पुढील अक्षराला जोडले जाते. शब्दाची सीमाही त्याला अडवीत नाही. ‘ईल’ म्हणजे तो आणि ‘एम’ म्हणजे प्रेम करतो. एकत्र उच्चार होतो ‘ई-लेम’. अनेकवचनी सर्वनामाच्या अखेरीस लिहिलेला, एरवी मूक असणारा ‘स’ स्वरापूर्वी ‘झ’ होऊन जागा होतो आणि ‘ईल्-झेम’, म्हणजे ते प्रेम करतात, असे ऐकू येते. येथे एकवचन व अनेकवचन यांतील भेद या एका ‘झ’वरच अवलंबून असतो.

आघाताचा नियम सोपा आहे. तो एकेका शब्दावर स्थिर नसून एका दमात उच्चारलेल्या शब्दसमूहाच्या अखेरच्या अक्षरावर पडतो. ‘वू पार्ले’ (तुम्ही बोलता) यात तो ‘ले’वर असतो, ‘वू पार्ले ब्यें’ (तुम्ही चांगले बोलता) म्हणताच तो ‘ब्यें’वर सरकतो.

लॅटिनमध्ये मात्र आघात शब्दागणिक ठरलेला होता. ‘देबेत’ (तो देणे लागतो) यात तो पहिल्या अक्षरावर, तर ‘देबेमुस’ (आम्ही देणे लागतो) यात दुसऱ्या अक्षरावर असे. आघातयुक्त स्वर पालटत गेला आणि ‘द्वा’ हे रूप झाले. आघातहीन स्वर क्षीण होऊन ‘द-व्हों’ उरले. ‘एमे’ (प्रेम करणे) या क्रियापदातही जुन्या फ्रेंचमध्ये असाच भेद होता. पुढे सर्व रूपे ‘एम’सारखी झाली, ‘आमाँ’ (प्रियकर) या नामात तेवढा जुना स्वर टिकून राहिला.

विद्यार्थ्याला जी रूपे अनियमित म्हणून पाठ करावी लागतात, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ या लोपलेल्या आघातात आहे.