खिडकीचा तळ

दादरच्या आमच्या इमारतीतल्या मूळच्या खिडक्या सागवानी. घराचं काम काढलं तेव्हा पश्चिमेकडच्या चौकटी खालून पार कुजलेल्या निघाल्या. स्क्रूड्रायव्हर टेकवला की भुगा पडायचा. उत्तरेची, सज्ज्याखालची खिडकी मात्र ठणठणीत. लाकूड तेच, वय तेच. फरक नैऋत्येच्या पावसाचा. त्यामुळे घरभर एकच प्रकार बसवायचा विचार तिथेच सोडला.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी? यूपीव्हीसीचे कोपरे तापवून एकजीव केलेले असतात, सांध्यातून पाणी शिरत नाही. पण सेक्शन पोकळ, म्हणून आत गॅल्वनाइज्ड लोखंडी पट्टी हवी; ती आहे की नाही हे कापलेला तुकडा हातात घेतल्यावरच दिसतं. ॲल्युमिनियमचा सेक्शन बारीक असूनही मजबूत. मात्र समुद्राच्या हवेत पावडर कोटिंग कच्चं असेल तर त्यावर पांढरे डाग धरतात. हे पाहायलाच हवं. तरीही मुंबईत खिडकीची खरी परीक्षा तिच्या तळाशी होते, असं माझं ठाम मत आहे.

सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक म्हणजे पन्हळच. पाणी त्यात साचतं आणि बाहेरच्या भोकांतून निघून जातं. समोरून जोराचा वारा असला की तोच ते अडवतो. ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब पाणी साधारण १ सेंटीमीटर वर चढवतो. वेग दुप्पट झाला तर ४ सेंटीमीटर. ट्रॅकचा आतला काठ त्याहून बुटका असेल तर पाणी थेट घरात. कारखान्यात आम्ही नमुन्याच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. एका ठिकाणी ते तसंच तुंबून राहिलं. भोकं पाडलेली होती, पण सिलिकॉनने बुजली होती.

पश्चिमेला शेवटी बिजागरीच्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या घेतल्या. हँडल फिरवलं की रबर चारही बाजूंनी दाबून बसतं. सरकत्या पल्ल्यांना नुसती ब्रशची पट्टी. तिच्यातून तुषारही येतात आणि रस्त्यावरचे हॉर्नही. म्हणून आवाजासाठी दुहेरी काचेवर पैसे घालण्याआधी फटींकडे बघावं. शिवाय सरकती खिडकी अर्धीच उघडते, आणि उकाड्यात तो अर्धा वारा फार मोलाचा. अडचण ग्रिलची: ते आत घ्यावं लागलं, आणि हँडलपर्यंत हात जाईल एवढी जागा त्यात ठेवून घेतली.

खालचा ग्रॅनाइट गवंड्याने अगदी सपाट बसवला होता. तो काढायला लावला. बाहेरच्या बाजूला उतार आणि पुढे आलेल्या कडेला खालून खाच हवी, नाहीतर पाणी दगडाच्या पोटाखालून भिंतीकडे वळतं.

उत्तरेची सागवानी खिडकी ठेवली. नव्या बिजागऱ्या, नवं पॉलिश. पावसाळ्यात तिची झडप थोडी फुगते. सुतारकाकांनी बजावलंय, ती पावसात तासायची नाही, उन्हाळ्यात फट पडेल.