रानात ‘इम्युनिटी’ फुकट मिळत नाही

करोनाच्या काळात काढे आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ घरोघरी पोचले, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर यायचं : जंगलातल्या प्राण्यांना कुठे डॉक्टर लागतो? ऐकायला छान वाटतं, पण त्यात बरंच काही चुकलेलं आहे.

गैरसमज : रानातले प्राणी आजारी पडत नाहीत.

पडतात, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. लंगडणारं, मागे राहणारं हरीण शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतं, त्यामुळे प्राणी दुखणं अंगावर काढतात. मेल्यावर तरस-कोल्हे पुरावाही ठेवत नाहीत. साथ मोठी असली तरच बातमी होते. 2018 मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि तपासणीत कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू सापडला, तशी.

गैरसमज : प्रतिकारशक्ती जितकी जास्त, तितकं उत्तम.

याचं उत्तर स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिकमधल्या सेंट किल्डा बेटांवर मिळालं. 1930 साली तिथली शेवटची माणसं बेट सोडून गेली. दोन वर्षांनी शेजारच्या सोए बेटावरच्या 107 मेंढ्या हिर्टा या मुख्य बेटावर आणून सोडल्या. तिथे ना मेंढपाळ, ना लांडगा, ना पशुवैद्य. 1985 पासून शास्त्रज्ञ या मेंढ्यांना कानातल्या बिल्ल्यांवरून एकेक करून ओळखतात, वजन करतात, रक्त तपासतात. काही हिवाळ्यांत गवत संपतं, पोटात जंत असतातच, आणि निम्म्याहून अधिक कळप मरतो.

शास्त्रज्ञ अँड्रिया ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या रक्ताचा हिशेब मांडला. प्रतिकारशक्ती किती जोरकस याची खूण म्हणून त्यांनी मोजली ती स्वतःच्याच पेशींवर उलटणारी प्रतिपिंडं. माणसात ती ल्युपससारख्या आजारांत वाढलेली दिसतात. ज्या मेंढ्यांत ती जास्त होती, त्या कडक हिवाळ्यातून तगण्याची शक्यता अधिक होती. पण त्याच मेंढ्या दरवर्षी वितही कमी होत्या. उलट, ज्यांची प्रतिक्रिया मवाळ, त्यांना पिल्लं अधिक, पण वाईट वर्षी त्याच आधी जात. हा गुण काही अंशी आनुवंशिकही निघाला. म्हणजे जोरकस प्रतिकारशक्ती तेवढी निवडून कमजोर ती काढून टाकणं निसर्गाला जमलेलं नाही, कारण कुठली कामाची हे त्या वर्षीचा हिवाळा ठरवतो. प्रतिपिंडं बनवायला प्रथिनं लागतात, पिल्लाला दूध पाजायलाही लागतात, आणि तुटपुंज्या पगारात दोन्हीकडे सढळ हात ठेवता येत नाही. ‘बूस्टर’ विकणारे हा खर्च कधी सांगत नाहीत.

गैरसमज : जंतू आला की प्राणी मेलाच.

1994 मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत डिस्टेंपरने जवळपास एक तृतीयांश, म्हणजे सुमारे 1,000 सिंह गेले. मात्र जुन्या रक्तनमुन्यांवरून कळलं, की हा विषाणू त्याआधीही तिथे येऊन गेला होता, फारसं कुणी न मरता. मग या वेळी काय वेगळं होतं? दुष्काळ. खंगलेल्या रानम्हशी गोचिडांनी भरल्या, त्या सिंहांच्या आयत्या तोंडी लागल्या आणि गोचिडांतून बाबेसिया हा रक्तातला परजीवी सिंहांत बेसुमार वाढला. डिस्टेंपर प्रतिकारशक्ती खाली पाडतो. त्यानंतर बाबेसियाला आवरणारं कोणी उरलं नाही.

गैरसमज : जंतांचं औषध दिलं की कळप निरोगी.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात, क्षय पसरलेल्या कळपात, हे करून पाहिलं. काही रानम्हशींना जंतांचं दीर्घकाळ टिकणारं औषध दिलं, काहींना नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार औषध मिळालेल्यांना क्षयाची लागण कमी झाली नाही. पण लागण होऊनही त्या कितीतरी जास्त तगल्या. एकेका म्हशीच्या दृष्टीने हे उत्तमच. पण क्षय घेऊन जास्त दिवस फिरणारी म्हैस जास्त जणींना तो देते. गणित मांडल्यावर दिसलं, की या औषधाने कळपात रोगाचा फैलाव उलट वाढू शकतो.

म्हणून रानातल्या प्राण्यांना परस्पर औषधं चारू नयेत. करायचंच असेल तर ताडोबाच्या किंवा बोरिवलीच्या जंगलाला लागून राहणाऱ्यांनी आपल्या कुत्र्यांना डिस्टेंपर आणि रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी. बिबट्या कुत्रं खातो, आणि कुत्र्याचा विषाणू त्याच्यापर्यंत पोचायला तेवढं पुरतं.