साखळीतले तीन दिवस

खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा शेवट सगळ्यांच्या लक्षात आहे. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियमवर भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले आणि प्रियांका इंगळेने चषक उंचावला. पुण्याच्या मैदानांवर घडलेली मुलगी कर्णधार, संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. महाराष्ट्राचा ऊर भरून आला. पण त्या आठवड्याचा मागोवा घेताना मला अंतिम सामन्याइतकेच १४ ते १६ जानेवारी हे साखळीचे तीन दिवस मोलाचे वाटतात, आणि नेमके तेच आपण सर्वांत आधी विसरलो.

महिलांचे १९ संघ चार गटांत विभागले होते. भारताच्या गटात दक्षिण कोरिया, इराण आणि मलेशिया. पहिल्या दिवशी कोरियाविरुद्ध १७५-१८, दुसऱ्या दिवशी इराणविरुद्ध १००-१६, तिसऱ्या दिवशी मलेशियाविरुद्ध १००-२०. हे आकडे मोबाइलवरून सिंधुदुर्गातल्या आमच्या नांदगावातही पोचले. कुणी अभिमानाने पुढे पाठवले, तर कुणी विचारले, असल्या सामन्यांत काय राम? समोरचा संघ उभाच राहत नसेल तर विश्वचषक कशाला म्हणायचे?

या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या बाजूच्या आकड्यांत आहे. या स्पर्धेत सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या होत्या आणि एक गडी बाद केला की दोन गुण. म्हणजे कोरियाच्या मुलींनी भारताचे फार तर नऊ गडी टिपले, मलेशियाच्या मुलींनी फार तर दहा. ज्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बांधले, ज्यात आपल्या मुली साठच्या दशकापासून राष्ट्रीय स्पर्धा खेळत आहेत, त्या खेळातले आपले कसलेले धावक त्यांनी बाद केले. हे थोडे नाही.

खो-खो वरवर सोपा दिसतो. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की मागे वळायचे नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. बसलेल्या मुलींची तोंडे एकीआड एक उलट दिशेला. खो द्यायचा तो पाठीमागून, हात लावून आणि स्पष्ट ऐकू येईल असा. धावती मुलगी हूल देऊन दुसऱ्या बाजूला गेली की क्षणात ठरवायचे, स्वतः धावायचे की खो देऊन शेजारणीला उठवायचे. खांबाजवळ तर अंग झोकून द्यायचे, आणि पाय कुठे पडतो याचे भानही सोडायचे नाही. यातले काहीच पुस्तकातून येत नाही. आमच्याकडे पाऊस सरला की शाळेच्या लाल मातीत फक्कीच्या रेषा पडतात, आणि पाचवीतली पोर आठवीतल्या ताईला बघून खांबाला वळसा घालायला शिकते. सोल किंवा तेहरानमधल्या मुलीला अशी ताई कुठून मिळणार? तिला सगळे शून्यापासून शिकावे लागले, आणि तरीही ती जगज्जेत्या ठरलेल्या संघासमोर मॅटवर उतरली.

ताई मिळाली की काय होते, ते नेपाळने दाखवले. २०१९ मध्ये काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने नेपाळलाच हरवून सुवर्णपदक घेतले होते. नेपाळच्या मुली खेळत राहिल्या. दिल्लीत उपान्त्यपूर्व फेरीत बांगलादेशला आणि उपान्त्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला भारताविरुद्ध प्रत्येकी सोळाच गुण मिळाले. अंतिम फेरीत नेपाळने चाळीस मिळवले. ही मजल काही वर्षांच्या सरावाची आणि त्या सरावात पचवलेल्या पराभवांची आहे.

आपण स्वतः कधीतरी कोरियाच्या जागी उभे होतो, हेही आठवायला हवे. १९५२ मध्ये मॉस्कोत महिलांची पहिली जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा झाली. आठच संघ होते आणि त्यांत भारत होता. सोव्हिएत संघ पहिला आला, पोलंड दुसरा, भारत आठवा. त्या मुली हरल्या, पण एका जागतिक खेळाच्या पहिल्या पंगतीला त्या बसल्या होत्या. २०२५ मध्ये थायलंडमध्ये याच स्पर्धेत ३२ संघ खेळले आणि त्यांत भारत नव्हता. केनिया, व्हिएतनाम, कॅमेरून तिथवर पोचले. पहिल्या दिवशी हजर असणे पुरेसे नसते. त्यानंतरची वर्षे राखावी लागतात. आपल्या व्हॉलीबॉलमध्ये ती राखली गेली नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

म्हणून खो-खोच्या बाबतीत आपल्यावर दुहेरी जबाबदारी आहे. ज्या देशांच्या मुली दिल्लीला आल्या, त्यांच्याकडे आपले प्रशिक्षक गेले पाहिजेत, त्यांना इथल्या मैदानांवर महिना-महिना सरावाला बोलावले पाहिजे. आणि घरी, तालुक्याच्या ठिकाणी तरी मॅट हवी. मातीत शिकलेली मुलगी मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदाच मॅटवर पाऊल ठेवते तेव्हा तिची पकड, तिचा वळसा, तिची झेप सगळे बदलते. सिंधुदुर्गातल्या मुलींच्या पायांत वेग आहे, पण त्या वेगाला पुढे न्यायची सोय गावात मिळत नाही.

चषक आपल्याकडे आला याचा आनंद मोठाच आहे. मात्र पहिला विश्वचषक सार्थकी लागला की नाही, हे पुढच्या साखळीत भारताविरुद्ध खेळणाऱ्या संघांच्या गुणांवरून कळेल. कोरियाचे अठराचे तीस झाले, तर तोही आपलाच विजय मानावा.