सौर पंपाचा कंट्रोलर अलार्म देतो तेव्हा काय करायचं?



पंप थांबला, पेटीवर लाल दिवा लागला, की लगेच वाटतं "कंट्रोलर गेला, मोटर डायरेक्ट करू." तसं करू नका. बहुतेक वेळा कंट्रोलर बिघडलेला नसतो, मोटर वाचवण्यासाठी त्यानेच पंप थांबवलेला असतो.

*कंट्रोलर करतो काय?*
ऊन कमी-जास्त होतं तसं पॅनेलकडून येणारं व्होल्टेज आणि करंट बदलतं. कंट्रोलर त्यातून जास्तीत जास्त वीज काढून मोटरला लागेल तशी देतो. सोबत व्होल्टेज, करंट आणि स्वतःचं तापमान सतत तपासतो. मर्यादा ओलांडली की पंप बंद करतो आणि स्क्रीनवर कोड दाखवतो.

*नेहमीचे अलार्म*
१) कमी व्होल्टेज: सकाळ-संध्याकाळ किंवा ढग आल्यावर येणारच. ऊन वाढलं की पंप बहुधा आपोआप सुरू होतो. भर दुपारी आला तर पॅनेलवरची धूळ आणि झाडाची सावली बघा. पॅनेल सकाळी थंड असतानाच धुवा.
२) ड्राय रन: विहीर-बोअरचं पाणी खाली गेलं. पाणी भरेपर्यंत थांबा. मेकॅनिकला सांगून ही सेटिंग काढून टाकू नका. पाण्याशिवाय सबमर्सिबल मोटर थंड होत नाही, बेअरिंग घासतं आणि मोटर जळते.
३) जादा करंट: गाळ-वाळूने पंप अडकला असेल किंवा केबलचा जोड खराब असेल. एकदा रीसेट करा. पुन्हा आला तर थांबा, सारखं रीसेट करू नका.
४) जादा तापमान: पेटीवर पोतं, आत जाळी-घरटं किंवा थेट ऊन आहे का बघा. पेटीला सावली आणि हवा द्या.
५) जादा व्होल्टेज: कोणी मनाने जादा पॅनेल जोडलं असेल. पंप बंद ठेवा आणि कंपनीचा माणूस बोलवा.

कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. पेटीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेल्या यादीचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा.

*जिवाशी खेळ नको*
मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनेलकडून येणारी वायर जिवंत असते. घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी लवकर विझते. पॅनेलचा डीसी करंट शून्यावर येतच नाही. पंप चालू असताना पॅनेलचा कनेक्टर ओढला तर ठिणगी जळतच राहते, हात भाजतो, आग लागते. पेटी स्वतः उघडू नका. वीज तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं झटका देण्याइतका चार्ज राहतो.

गोराई-मनोरीकडच्या सभासदांनी खाऱ्या हवेमुळे कनेक्टर आणि अर्थिंगचे जोड पावसाळ्यापूर्वी तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावेत.

*तक्रार करताना*
कोडचा फोटो, वेळ, ऊन होतं का, पाण्याची पातळी किती, एवढं लिहून ठेवा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या पंपाला ५ वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. पुरवठादार कंपनीकडे किंवा महावितरणकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. बाहेरच्या माणसाकडून पेटी उघडली तर हमीवरून वाद होऊ शकतो.

घरात पंप जो चालू करतो, त्याला हा मेसेज नक्की दाखवा.